पत्ता आपला, भाडं कुणाला?

इंटरनेटचे जुने पत्ते कधीच संपलेत. आता जे आहे त्याचा बाजार भरतो. या बाजारात भाव कोण ठरवतं आणि स्पर्धा कायद्याला त्यात बोलता येतं का, याचा हा हिशेब.

समजा, तरोडा नाक्यावर एकाचं हार्डवेअरचं दुकान आहे. टॅलीचा सगळा डेटा दुकानातल्या कॉम्प्युटरवर. रात्री घरून तो उघडायचा आहे आणि दुकानातले कॅमेरेही बघायचे आहेत. कॉम्प्युटरवाला म्हणतो, ‘स्टॅटिक आयपी घ्या.’ इंटरनेटवाल्याला फोन लावला तर तो म्हणतो, ‘मिळेल, पण त्याचे वर्षाला वेगळे पैसे.’ वायर तीच, राऊटर तोच, स्पीडही तोच. मग हे जास्तीचे पैसे कशाचे? एका आकड्याचे. तीन ठिपक्यांनी जोडलेला एक नंबर, त्याचं हे भाडं.

आकडा काही कारखान्यात तयार होत नाही. त्याला कच्चा माल लागत नाही. तरी त्याची किंमत आहे आणि ती दुकानदारापासून अॅमेझॉनपर्यंत सगळ्यांना मोजावी लागतेय. ती ठरवतं कोण? आणि ठरवणारा एकटाच असेल, तर त्याला जाब कोण विचारणार? प्रश्न साधा वाटतो, पण तो अमेरिकेतल्या कोर्टांपासून दिल्लीतल्या स्पर्धा आयोगापर्यंत जातो.

४२९ कोटींत सगळं जग

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुनी पद्धत आयपीव्ही४. तिच्यात एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ही रचना ठरली तेव्हा इंटरनेट म्हणजे विद्यापीठं, संशोधन संस्था आणि लष्कर एवढंच होतं. त्यामुळे पत्ते अक्षरशः पोत्यानं वाटले गेले. अमेरिकेतल्या एमआयटी या एका संस्थेकडे सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते होते. आणि आपल्या १४० कोटींच्या देशाकडे? चार कोटींच्या आसपास. पंगतीत पहिल्या बसलेल्यांनी पातेलं रिकामं केलं आणि आपण हात धुऊन आलो तेव्हा तळ दिसत होता, असा हा प्रकार.

३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठाही शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. या विभागाचं काम बघणारी संस्था म्हणजे एपनिक, मुख्यालय ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला. भारतात हे काम २०१२ पासून ‘इरिन’ करते. ती निक्सी या ना-नफा कंपनीचा भाग आहे. ‘.इन’ नावांचा कारभारही निक्सीकडेच आहे. म्हणजे साखळी अशी: जागतिक कोठार, मग एपनिक, मग इरिन, मग इंटरनेट कंपनी आणि शेवटी तुम्ही. एपनिकपासून खाली प्रत्येक पायरीवर पैसे मोजावे लागतात.

५१२ वर बोळवण

आता खरी गोम इथे आहे. फेब्रुवारी २०१९ पासून एपनिकच्या विभागात नव्या सदस्याला जास्तीत जास्त ५१२ जुने पत्ते मिळतात. नांदेड किंवा लातुरात आज कुणी नवी इंटरनेट कंपनी काढली, पाच हजार घरं जोडली, तर एका पत्त्यामागे दहा घरं येतात. घरात चार फोन धरले तर चाळीस जण एकाच दारातून आत-बाहेर करणार.

हे जमवायला एक तंत्र वापरतात, सीजीनॅट. वाड्याला एकच दरवाजा आणि आत दहा बिऱ्हाडं, तसं. बाहेर जाताना अडचण नाही. यूट्यूब चालतं, इन्स्टा चालतं. पण बाहेरून कुणी थेट तुमच्या खोलीपर्यंत यायचं म्हटलं की पंचाईत. म्हणून टॅली उघडत नाही, कॅमेरा दिसत नाही, गेम खेळताना ‘स्ट्रिक्ट नॅट’ येतं, आणि वेबसाइट सारखी विचारते, ‘तुम्ही रोबोट नाही ना?’ दहा बिऱ्हाडांतल्या एकानं आगाऊपणा केला की संशय सगळ्या वाड्यावर.

संशयावरून आठवलं. २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका आयटी इंजिनिअरला अटक केली. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा आरोप होता. दूरसंचार कंपनीनं दिलेल्या आयपी पत्त्याच्या माहितीवरून पोलीस त्याच्यापर्यंत पोचले होते. ती माहितीच चुकीची निघाली. तोवर त्याचे ५० दिवस तुरुंगात गेले होते. ते प्रकरण सीजीनॅटचं नव्हतं. पण एका आकड्यावरून माणूस ओळखायचा आणि तो आकडा चाळीस जणांनी वाटून घेतलेला असायचा, तर सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट नंबर दोन्ही अचूक लागतात. एक नोंद चुकली की दार दुसऱ्याचं. स्वस्तात पत्ता वाटून घेण्याची ही न दिसणारी किंमत आहे.

फुकटातून फीकडे

हे आकडे एकेकाळी फुकट होते. वेबसाइटची नावंसुद्धा. सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीनं डोमेन नावाला वर्षाला ५० डॉलर घ्यायला सुरुवात केली. नावं देणारी ती एकटीच कंपनी, सरकारी कराराखाली. लोक कोर्टात गेले. १९९८ मध्ये कोर्टानं म्हटलं की या फीमधला ३० टक्के हिस्सा एका सरकारी निधीला जातो, तो बेकायदा कर आहे. गंमत बघा, अमेरिकी संसदेनं लगेच कायदा करून तोही वैध करून टाकला. मक्तेदारीचा मुद्दा मात्र कोर्टानं मान्य केला नाही.

आकड्यांच्या पत्त्यांवरही दावा झाला. मॅच डॉट कॉमचे संस्थापक गॅरी क्रेमेन यांना एका खटल्यात कोर्टाच्या आदेशानं काही पत्ते मिळाले. पण उत्तर अमेरिकेची नोंदणी संस्था ‘अॅरिन’ म्हणाली, आधी आमच्या करारावर सही करा, आमच्या अटी माना. क्रेमेन यांनी २००६ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. कोर्टानं तो फेटाळला, कारण दाव्याची मुदत उलटून गेली होती. म्हणजे नोंदणी संस्थेची मक्तेदारी बरोबर की चूक, हा मूळ प्रश्न त्या निकालात सुटलाच नाही.

कोर्टं थांबली, पण बाजार थांबला नाही. २०११ मध्ये दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टनं ७५ लाख डॉलरला घेतले. एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. २०१७ मध्ये एमआयटीनं तिच्याकडचे ८० लाखांहून जास्त पत्ते विकायला काढले. घेणाऱ्यांत अॅमेझॉन होती. फुकट मिळालेला माल, विकताना मात्र बाजारभाव. पुढे त्याच अॅमेझॉनच्या क्लाउडनं १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक जुन्या पत्त्याला तासाला अर्धा सेंट आकारायला सुरुवात केली. कारण दिलं, पाच वर्षांत पत्ते मिळवण्याचा खर्च ३०० टक्क्यांहून जास्त वाढला. तासाला अर्धा सेंट म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण वर्षाचे होतात जवळपास ४४ डॉलर, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या पुढे. विष्णुपुरीत हॉस्टेलच्या खोलीतून प्रोजेक्ट चालवणाऱ्या पोरांसाठी ती महिन्याच्या मेसची भर आहे.

आपला कायदा काय विचारतो?

भारतात १९६९ चा एमआरटीपी कायदा होता. त्याच्या जागी स्पर्धा कायदा, २००२ आला आणि त्यातली मुख्य कलमं २० मे २००९ पासून लागू झाली. कलम ३ संगनमतासाठी, कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापरासाठी.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या कायद्यात मोठं असणं गुन्हा नाही. एकटं असणंही गुन्हा नाही. गुन्हा आहे त्या ताकदीचा गैरवापर: अवाजवी किंवा भेदभावाचा दर लावणं, अन्यायकारक अटी घालणं, दुसऱ्याची बाजारात येण्याची वाट अडवणं. त्यामुळे भारतीय स्पर्धा आयोग क्रमानं प्रश्न विचारतो. हा ‘उद्योग’ आहे का? बाजार कोणता? त्यात याचं वर्चस्व आहे का? आणि गैरवापर झाला का?

पहिल्याच प्रश्नावर कुणी म्हणेल, इरिन तर ना-नफा संस्था, तिला हा कायदा कसा लागेल? तर बीसीसीआयचं उदाहरण घ्या. तीही नफा न कमावणारी सोसायटी. तरी आयोगानं तिला ‘उद्योग’ मानलं आणि आयपीएलच्या हक्कांवरून २०१३ मध्ये ५२.२४ कोटींचा दंड लावला. अपिलात प्रक्रियेच्या मुद्द्यावर तो आदेश रद्द झाला, २०१७ मध्ये आयोगानं पुन्हा तोच दंड लावला. आयोगाचा मुद्दा असा की खेळाचे नियम करणारा आणि खेळातून व्यवहार करणारा एकच असेल, तर ‘आम्ही ना-नफा’ ही ढाल चालत नाही.

दुसरं कुणी म्हणेल, सरकारनंच नेमलेली संस्था आहे. त्यावर उत्तर आपल्या जवळचंच आहे. परळीचं थर्मल चालवणाऱ्या महानिर्मितीनं कोल इंडियाविरुद्ध आयोगाकडे तक्रार केली होती. कोळशाचा दर्जा आणि पुरवठ्याच्या एकतर्फी अटी हा वाद. आयोगानं २०१३ मध्ये १,७७३ कोटींचा दंड ठोकला. फेरसुनावणीनंतर २०१७ मध्ये तो ५९१ कोटींवर आला. कोल इंडियाचं म्हणणं होतं, आमची मक्तेदारी कायद्यानंच दिली आहे, आम्हाला स्पर्धा कायदा लागूच होत नाही. १५ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, लागू होतो. म्हणजे सरकारी असल्यानं सुटका नाही.

मग इरिनची फी बेकायदा आहे का?

माझ्या मते, नुसती फी आहे म्हणून नाही. नोंदवही ठेवायला माणसं लागतात, यंत्रं लागतात. एकच पत्ता दोघांना दिला गेला तर इंटरनेट कोलमडेल, म्हणून नोंदवही एकच असणं गरजेचंही आहे. जमिनीचा सातबारा दोन तलाठ्यांनी वेगवेगळा लिहिला तर काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. शिवाय भारतातल्या कंपनीला इरिन सोडून थेट एपनिकचं सदस्य होण्याची वाट आहे. म्हणजे वर्चस्व पूर्ण बंदिस्त नाही. पण ही वाट किती मोकळी, हाही प्रश्नच. दुकानं दोन, गोदाम एकच.

प्रश्न फीच्या असण्याचा नाही, फीच्या हिशेबाचा आहे. नोंदवही चालवायला जेवढा खर्च येतो, तेवढीच फी आहे का? पाच हजार घरांचा लहान चालक आणि पाच कोटी ग्राहकांची कंपनी, दोघांना एका पत्त्यामागे किती पडतं? लहानाला जास्त पडत असेल तर का? ना-नफा संस्थेनं हे उघड सांगितलं तर तक्रारीची वेळच येणार नाही.

खरी चिमटी मात्र खालच्या पायरीवर आहे. ज्या केबलवाल्याला स्वतःचे पत्ते परवडत नाहीत, तो वरच्या मोठ्या कंपनीचे पत्ते वापरतो. उद्या त्या कंपनीनं दर वाढवले तर दुसऱ्याकडे जाता येतं, पण पत्ते तिथेच सोडून. मग सगळ्या ग्राहकांचं सेटिंग बदलायचं, स्टॅटिक आयपीवाल्या दुकानदारांच्या शिव्या खायच्या. मोबाइलच्या बाबतीत हा त्रास आपण संपवला. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्यानंतर कंपन्यांना ग्राहक धरून ठेवायला दर आणि सेवा यांवरच भर द्यावा लागला. असे वरून घेतलेले इंटरनेट पत्ते मात्र कंपनीबरोबर बांधलेलेच राहतात. स्पर्धा कायद्यात वर्चस्व मोजताना ‘बाजारात शिरायला अडथळे किती’ हे बघायला सांगितलं आहे. जुन्या कंपनीकडे लाखो पत्ते, नव्याला ५१२. याला अडथळा नाही तर काय म्हणायचं?

२०२१ च्या शेवटी बाजारात एका पत्त्याला ५० डॉलरच्या वर भाव गेला होता. नंतर तो उतरला. पण पाच हजार ग्राहकांना एकेक पत्ता द्यायचा, तर त्या भावानं नुसत्या आकड्यांवर अडीच लाख डॉलर गेले असते. एवढ्यात तालुक्याला फायबर टाकून होईल.

दार कोणतं ठोठवायचं?

तक्रार करायची ठरवली तरी वाट सरळ नाही. जिओ आली तेव्हा तिची तक्रार होती की जुन्या कंपन्या कॉल जोडायला पुरेशी जोडणी देत नाहीत. आयोगानं चौकशीचा आदेश दिला. मुंबई हायकोर्टानं तो रद्द केला. ५ डिसेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की आधी ट्रायनं तांत्रिक मुद्दे ठरवावेत, मग आयोगानं बघावं. इंटरनेट पत्त्याची तक्रार नेली तर समोरचे वकील पहिल्याच दिवशी हा निकाल पुढे करतील, यात शंका नाही. आणि वेळही मर्यादित. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीला कारण घडल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. उशिरा जागे झालेल्या क्रेमेन यांचं काय झालं, ते वर आलंच आहे.

म्हणून कायद्यावर सगळा भार टाकणं शहाणपणाचं नाही. टंचाई आहे तोवर भाव राहणार. टंचाई संपवायचा रस्ता म्हणजे आयपीव्ही६. त्यात पत्ते किती? ३४ लिहून पुढे ३७ शून्यं. प्रत्येक घराला, प्रत्येक कॅमेऱ्याला, शेतातल्या प्रत्येक मोटारीला स्वतःचा पत्ता द्या, तरी संपणार नाहीत. मोबाइलवर आपण यात जगात पुढे आहोत. जिओच्या जाळ्यामुळे भारतात निम्म्याहून जास्त वापर नव्या पत्त्यांवर गेला आहे. मागे आहेत ते घरोघरचे ब्रॉडबँड, जुने राऊटर आणि अजून जुन्याच पत्त्यावर बसलेल्या वेबसाइट. दूरसंचार विभागानं २०२१ मध्ये कंपन्यांना मुदती घालून दिल्या. ३१ डिसेंबर २०२२ नंतरचं घरगुती वायरचं प्रत्येक नवं कनेक्शन आयपीव्ही६ चालवू शकलं पाहिजे, असं त्यात होतं.

इथे एक साधा संशय घेण्यासारखा आहे. ज्याच्याकडे जुन्या पत्त्यांचा साठा आहे, त्याला नवे पत्ते लवकर यावेत अशी घाई का असेल? स्टॅटिक आयपीचं भाडं चालू आहे, नवा स्पर्धक ५१२ वर अडकला आहे. मुद्दाम कुणी उशीर करतंय असा पुरावा माझ्याकडे नाही. पण उशीर झाला तर फायदा कुणाचा, हे स्पष्ट आहे. आयोगानं आणि ट्रायनं मिळून हा बाजार एकदा तपासायला हवा. तक्रार येण्याची वाट न बघता बाजाराचा अभ्यास करणं आयोगाला नवीन नाही.

आणि आपण काय करायचं? पुढच्या वेळी रिचार्ज करताना स्पीड किती, एवढंच विचारून फोन ठेवू नका. ‘आयपीव्ही६ चालू आहे का? नसेल तर कधी करणार?’ एवढे दोन प्रश्न विचारा. दहा दुकानदारांनी आणि शंभर विद्यार्थ्यांनी विचारलं, की केबलवालाही वरच्याला विचारायला लागेल.

चौकट: तुमचं दार एकट्याचं की वाड्याचं?

१. राऊटरच्या सेटिंगमध्ये जा. ‘वॅन आयपी’ समोरचा आकडा लिहून घ्या.

२. गुगलवर ‘माझा आयपी काय’ असं शोधा. जो तीन ठिपक्यांचा आकडा दिसेल तो पहिल्याशी जुळवा. जुळला तर पत्ता तुमचा एकट्याचा.

३. जुळत नसेल आणि राऊटरमधला आकडा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या वाड्यात आहात. काही कंपन्या १० नं सुरू होणारे आकडेही वापरतात.

४. अक्षरं आणि आकडे मिसळलेला, विसर्गासारख्या दोन टिंबांनी जोडलेला लांबलचक पत्ता दिसला, तर आयपीव्ही६ चालू आहे. अशा कनेक्शनवर कॅमेऱ्यासाठी जुना स्टॅटिक पत्ता विकत घेण्याआधी कॅमेरा, राऊटर आणि तुमचा फोन आयपीव्ही६ वर चालतात का, ते विचारून घ्या. चालत असतील तर वर्षाचं भाडं वाचू शकतं.